अर्धा इंच कमी फौजदार

नाथाजी सुभेदारांच्या गोठ्याच्या चौकटीला एक खिळा होता आणि वाडीतल्या पोरांचं नशीब त्या खिळ्याला टांगलेलं असायचं. पलटणीची भरती निघाली की सकाळी सकाळी पोरं रांगेनं यायची, चपला काढून खिळ्याखाली उभी राहायची. खिळा टाळूला टोचला की सुभेदार म्हणायचे, "जा, कापडं बांध." खिळा आणि टाळू यांच्यामधून बोट गेलं की म्हणायचे, "जा, म्हसरं राख." ज्याला पोलिसात जायचं असेल त्याचं डोकं खिळ्याच्या वर दोन बोटं निघायला हवं. या निकालावर अपील नव्हतं. नोकरीची शेवटची वर्षं सुभेदारांनी भरतीच्या ऑफिसात उंची-छाती मोजण्यात काढली होती, आणि त्यांनी पास केलेला पोरगा तिकडे नापास झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पुढे पुढे तर त्यांना खिळाही लागेना. ताकारीकडून येणाऱ्या एसटीतून कुणी उतरला की पारावर बसल्या बसल्या सांगायचे, "पाच तीन. छाती फुगवली तर चालंल." मुलगी बघायला जाताना लोक सुभेदारांना मुद्दाम बरोबर न्यायचे. मुलगी जमिनीवर उभी आहे की पाटावर, हे त्यांना दाराआडून कळायचं. त्यामुळे दोन-तीन सोयरिकी मोडल्या आणि एका घरात त्यांना चहा मिळायचा कायमचा बंद झाला.

सगळी वाडी त्या खिळ्याखालून गेली, पण घरचाच पोरगा, मानसिंग, कधी गेला नाही. त्याला कारण बनुबाई. दोन मुलींच्या पाठीवर पालीच्या खंडोबाला नवस बोलून झालेला मुलगा. बनुबाईंचं म्हणणं असं, की लेकरू मोजलं की त्याची वाढ खुंटते. "ऊस मोजा, गूळ मोजा, पोरगं मोजायचं न्हाई," असं त्यांनी एकदा सांगितलं ते सांगितलं. शाळेत उंची-वजन घ्यायला डॉक्टर आला, त्या दिवशी मानसिंगला ताप होता. शिंप्याकडे विजार शिवायला टाकली की मापाला जुनी विजार जायची, आणि आई दोन बोटं वाढवायला सांगायची. सुभेदार सरहद्दीवर गोळ्या खाऊन आलेले, पण बनुबाईंपुढे त्यांनी कधी मोर्चा बांधला नाही.

मानसिंग बी.ए. झाला. म्हणजे कुणाचं फारसं नुकसान न करता तीन वर्षं कॉलेजात बसून आला. त्याला खरी गोडी गुऱ्हाळाची. कढईतला फेस कुठल्या रंगावर आला की कढई उतरवायची, हे त्याला बरोबर उमजायचं. सगळ्या भावकीचा गूळ त्याच्या नजरेवर उतरायचा. त्याला विचारलं असतं तर तो तिथंच सुखानं राहिला असता. पण त्याला विचारतो कोण?

कारण सुभेदारांच्या मनात एक सल होता. माणसाची सारी उमर सलाम ठोकण्यात गेली होती. शेवटी शेवटी तर नाकाखाली अजून मिसरूड न फुटलेल्या लेफ्टनंटलाही ठोकला. आता एकच इच्छा उरली होती, की वर्दीतल्या कुणीतरी आपल्या घरातल्या माणसाला टाच आपटून सलाम ठोकावा, आणि तो आपण जवळ उभं राहून बघावा. एवढं झालं की डोळे मिटायला मोकळे.

या इच्छेला पाय दिले आकारामनं. हा आकाराम तालुक्याला एका वकिलाकडे कारकून होता, आणि कोर्टातला पंखा जरी बंद पडला तरी त्याचा खुलासा आपल्याला माहीत आहे असं बोलायचा. एका संध्याकाळी गुऱ्हाळावर मंडळी गरम काकवी खायला जमली होती. तिथं त्यानं सांगितलं, की नुसत्या बी.ए.ला आता कुत्रं विचारत नाही. मानसिंगनं सांगलीला तीन वर्षं काढून कायद्याची पदवी घ्यावी, गुन्ह्याचा कायदा तोंडपाठ करावा, आणि मग फौजदाराच्या परीक्षेला बसावं. ज्याला कलमं पाठ, त्याला फौजदारी घरी चालत येते.

मग त्या पदवीचं वजन करायला मंडळी बसली. दादासो म्हणजे शेजारचे बागायतदार, कुणाचंही नुकसान आधी बघणारा माणूस. ते एका पारड्यात टाकत गेले. पोरगा तीन वर्षं घराबाहेर, सांगलीची खोली, खानावळ, लग्न लांबणीवर, आणि गुऱ्हाळावर गुळव्या कोण? सुभेदार दुसऱ्या पारड्यात टाकत गेले. खांद्यावर दोन चांदण्या, बुडाखाली जीप, दारात शिपाई.

"आन् फौजदार न्हाई झाला तर?" दादासोंनी विचारलं.

"वकील तर हुईल," आकाराम म्हणाला.

यावर सगळे हसले. तालुक्याला तेव्हा अशिलापेक्षा वकील जास्त होते. एसटीतून कुणी कागद हातात घेऊन उतरला की दोघं दोघं त्याच्या एकेका हाताला धरायचे, आणि तो बिचारा बहिणीकडे आलेला असायचा.

पारडी अशी वरखाली होत होती तेवढ्यात हंबीरराव बोलला. हंबीरराव म्हणजे दूरक्षेत्राचा, वाडीजवळच्या पोलीस चौकीचा, हवालदार. काकवी सरकारी असल्यासारखी खायचा. बोटं चाटत म्हणाला, "सुभेदार, तुमचा पोरगा फौजदार झाला, तर पयला सलाम ह्यो हंबीरराव ठोकणार. भर चावडीपुढं. पर तवर माझी बाटली तेवढी बंद करू नका."

सुभेदारांचा हात काकवीच्या वाटीवरच थांबला. पुढचा हिशेब त्यांनी ऐकलाच नाही. "ठरलं," म्हणाले. मानसिंग तेव्हा कढईपाशी उभा राहून फेसाचा रंग बघत होता.

आता ही बाटली काय भानगड, ते सांगायला हवं. माजी सैनिक म्हणून सुभेदारांना मिलिटरी कँटीनची रम मिळायची. दिवे लागले की ते एक पेला घ्यायचे, पितळी पेल्यातून, जिरं टाकून, म्हणजे बनुबाईंना काढा वाटावा. बनुबाईंना तो कधीच काढा वाटला नाही, पण त्याही जिऱ्याला नाव ठेवत नव्हत्या. क्वचित एखादी बाटली हंबीररावाकडे जायची. मानसिंग सांगलीला गेला आणि सुभेदारांनी पेला उपडा घातला. आता सगळ्याच बाटल्या विकायच्या. पहिलं आणि खात्रीचं गिऱ्हाईक हंबीरराव, मग त्याचे सोबती. वाडीत दारूबंदीचा धाक जबर होता, कारण तो घालणारे सगळे सुभेदारांच्याच परसात बसलेले असत. गुन्ह्याच्या कायद्याचं शिक्षण असं बिनबोभाट गुन्ह्यावर चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला मानसिंग घरी आला, तो कलमं बरोबर घेऊन. परसातला कारभार बघून त्यानं बापाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "आबा, हे दारूबंदीच्या कायद्यात बसतं."

सुभेदार म्हणाले, "तुझी फी बी त्यातच बसलीया."



गुऱ्हाळाची मात्र दैना झाली. सुभेदार स्वतः कढईपाशी उभे राहिले. फेसाला त्यांनी पलटणीच्या शिस्तीत उकळायला लावलं, पण तो काही ऐकेना. एकदा गूळ डिंकासारखा ताणला गेला, एकदा असा करपला की सांगलीच्या पेठेत अडत्यानं ढेप उलटीपालटी करून विचारलं, "सुभेदार, खायचा हाय का रस्त्यावर टाकायचा?" भावकीनं आपला ऊस दुसरीकडे नेला. दादासोंनी 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तोंडानं एकदाही म्हटलं नाही. फक्त रोज येऊन काळ्या ढेपांकडे बघून जायचे.

पदवीचा पहिला फायदा झाला तो शेजारच्या शालूबाईला. बनुबाईंची कोंबडी तिच्या परड्यात गेली आणि परत आली नाही. मानसिंग सुट्टीवर होता. बनुबाईंनी त्याला पुढं घातलं, बोल म्हणाल्या कायदा. मानसिंगनं घसा साफ करून सांगितलं, की कोंबडी मिळाली नाही एवढ्यानं चोरी होत नाही, तर लबाडीचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. शालूबाई दारात उभी राहून लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बनाक्का, पोराला शिकवलंस ते लय ब्येस केलंस." तिच्या चुलीवर रस्सा उकळत होता. बनुबाईंनी त्या दिवशी लेकाला भाकरीबरोबर ठेचा वाढला.

पण एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. मानसिंग वाढत होता. सांगलीची तेव्हाची तऱ्हा म्हणजे खाली रुंद विजार, तिच्याखाली चार बोटं टाचेचे बूट, आणि वर केसांचा असा फुगारा, की त्यात सुगरणीनं घरटं बांधावं. मानसिंग एसटीतून उतरायचा तो मान वाकवून. घराच्या दारात तर कमरेतून वाकायचा. पारावरून सुभेदार डोळे बारीक करून बघायचे आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल असं पुटपुटायचे, "पाच सहा. जादाच असंल." बनुबाई म्हणायच्या, "मोजला न्हाई म्हणून वाढला."

पोरगं कायद्याची परीक्षा न अडकता पास झालं. फौजदारीची लेखीही झालं. वाडीनं त्याला 'फौजदार' म्हणायला सुरुवात केली, हंबीररावानं एकदा चावडीपुढं सलाम ठोकायची तालीम करून दाखवली, टाच जरा कमी वाजली म्हणून परत केली. आता उरली होती पुण्याची शारीरिक चाचणी. त्याची कुणाला काळजी? सुभेदारांच्या घरात उंचीची काळजी म्हणजे सोनाराच्या घरात कान टोचायची काळजी.

सुभेदार बरोबर गेले, छातीवर पदकं लावून. मैदानावर एक शिपाई उंची मोजत होता. त्यानं मानसिंगला खांबापाशी उभं केलं आणि आधी आडवी पट्टी केसांवर दाबली. केसांचा फुगारा बसला. मग म्हणाला, बूट काढा. बूट निघाले. सुभेदारांच्या डोळ्यांदेखत त्यांचा फौजदार हप्त्याहप्त्यानं खाली येत होता. पट्टी थांबली, आणि शिपायानं मान हलवली. अर्धा इंच कमी.

सुभेदारांनी पलटणीतल्या आवाजात पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा मोजलं. मानसिंगनं मान ताणली, छाती फुगवली, जमतं तर कान सुद्धा वर ओढले असते. पट्टी तिथंच. शेवटी तो शिपाई बाजूला सरला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, तुम्हीच बघा."

सुभेदारांनी वाकून बघितलं. असं वाकून त्यांनी शेकड्यांनी पोरं बघितली होती, आणि त्यांना काय सांगायचं ते त्यांच्या जिभेवर वर्षानुवर्षं तयार होतं. ते त्यांनी या वेळी गिळलं. शिपायाला म्हणाले, "बरोबर हाय," आणि पदकं काढून खिशात टाकली.

परत येताना साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा दोघं चहाला उतरले. चहाच्या कपाकडे बघत मानसिंग म्हणाला, "आबा, साऱ्या गावाची पोरं खिळ्याखाली उभी केलीत. मला एकदा तरी करायचं व्हतं."

"तुझी आई..."

"आईला एवढं भ्यायला?"

सुभेदारांनी बराच वेळ चहा ढवळला. स्टँडवरचा चहा ढवळायला चमचा देत नाहीत, ते बोटानंच ढवळत होते. मग म्हणाले, "भ्यालो न्हाई. मला तू उंच दिसायचास रं."

वाडीनं पुढचे दोन महिने थट्टेचं सोनं लुटलं. कुणी म्हणालं, मानसिंगला आंब्याच्या फांदीला लोंबकळत ठेवा, अर्धा इंच काय मोठासा. कुणी म्हणालं, टाळूवर वरवंटा मारा, टेंगूळ येईल तेवढं पुरे. हंबीररावानं सलामाचा हात खाजवायला वापरला. आकाराम आठवडाभर तालुक्यालाच मुक्कामाला राहिला. फक्त बनुबाईंचा विश्वास ढळला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं, "हितनं गेला तवा पुरा व्हता. पुण्यात मोजला म्हणून कमी झाला."

आता पदवीचं करायचं काय? दादासो म्हणाले, गुळाच्या ढेपेला गुंडाळा. सुभेदारांनी लेकाला पहिल्यांदाच विचारलं, की बाबा, तुला काय करायचंय? गुऱ्हाळ परत चालू करू का? मानसिंग म्हणाला, भावकीचा ऊस गेला तो गेला. कलमं डोक्यात आहेत, ती काढून टाकता येत नाहीत. त्यानं सनद काढली आणि जतला निघून गेला. जतलाच का, तर तिकडे पाऊसही नीट जात नाही, मग वकील कशाला जाईल? गर्दी नव्हती.

तिथं त्याची अशिलं म्हणजे मेंढपाळ. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. फी कधी पैशात, कधी घोंगड्यात. वर्षभरात मानसिंगकडे एवढी घोंगडी जमली, की बनुबाईंना वाटलं पोरगा वकिलीच्या नावाखाली माग चालवतोय. बूट त्यानं वाटेतच कुणाला तरी देऊन टाकले होते. केस कापले होते. आणि काळ्या कोटाच्या खिशात एक शिंप्याची फीत ठेवायला लागला होता.

मानसिंगला तिकडे जाऊन वर्ष झालं, तेव्हा सुभेदार भाकरीचं गाठोडं घेऊन त्याला बघायला गेले. गेले ते थेट कोर्टात. बघतात तर साक्षीच्या पिंजऱ्यात हंबीरराव. परसातल्या बैठकांची कुणकुण वरपर्यंत गेली होती आणि वरच्यांनी त्याला कोरड्या मुलखात पाठवलं होतं. सुभेदार मागच्या बाकावर अंग चोरून बसले.

खटला मेंढ्याचा होता. धुळा नावाच्या मेंढपाळावर आरोप, की त्यानं रात्री दगडी कुंपणातला मेंढा पळवला. फिर्यादीनं कुंपणावरून एक डोकं जाताना पाहिलं होतं, आणि हंबीररावानं तपास करून ते डोकं धुळ्याचं ठरवलं होतं. मानसिंग उठला. टेबलावरच्या कागदांच्या ढिगाआडून तो जेमतेम दिसत होता. सुभेदारांनी सवयीनं डोळे बारीक केले आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"हवालदार, कुंपण मोजलं व्हतं?"

"व्हय."

"कशानं?"

"अंदाजानं."

"आन् आरोपी?"

"त्यो बी अंदाजानं. नजरंला बराच उंच दिसला."

"फेट्यासकट का फेट्याबिगर?"

कोर्टात खसखस पिकली. धुळ्याच्या डोक्यावर चाकाएवढा तांबडा फेटा होता. मानसिंगनं खिशातून फीत काढली आणि न्यायाधीशांना सांगितलं, की आपण कुंपण स्वतः मोजून आलो आहोत. कोर्टाच्या शिपायानं आता आरोपी मोजावा. हे ऐकल्याबरोबर दारातून धुळ्याची बायको रंगुबाई कानडी-मराठीत ओरडली, "ब्याड, ब्याड! मोजू नगा त्येला!" मागच्या बाकावर सुभेदार दचकले. बाई जतची होती, पण शब्द घरचे होते.

तिला बाहेर बसवलं आणि शिपायानं मोजमाप घेतलं. फेटा वगळला तर धुळ्याचं डोकं कुंपणापेक्षा खालीच राहत होतं. हंबीररावाला विचारलं, की रात्री चोरी करायला माणूस फेटा बांधून जातो का, तर तो म्हणाला, थंडी होती. मधल्या सुट्टीनंतर धुळा सुटला. मेंढा कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो शोधायचं काम कलमांचं नसतं, हंबीररावाचं असतं.

सुभेदार बाहेर येऊन वऱ्हांड्याच्या खांबापाशी उभे राहिले. पायरीखाली हंबीरराव टोपी नीट करत उभा होता, तोंड कारल्यासारखं करून. तेवढ्यात दारातून मानसिंग बाहेर आला, काखेत कागद, खिशातून फितीचं टोक लोंबतंय. आणि हंबीररावानं टाच आपटली. अशी आपटली की खांबावरचं कबूतर उडालं. हात ताठ कपाळाला गेला.

सुभेदार खांबापाशी आपोआप सावधान झाले. एवढ्या वर्षांत त्यांनी किती सलाम पाहिले होते, पण असा करकरीत पाहिला नव्हता. डोळे पुसून त्यांनी परत बघितलं. मानसिंगच्या मागोमाग, दोन पावलांवर, न्यायाधीशसाहेब येत होते. साहेब मान हलवून पुढे गेले. हंबीररावाचा हात मग खाली आला.

तो सुभेदारांना बघून जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "सुभेदार, हितं पाणी बी टँकरनं येतंया. एखादी बाटली?"

"आमच्या वकिलांना इचारा," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर सगळे सुभेदारांच्या अंगणात जमले. सुभेदारांनी खटला सांगितला, फेटा सांगितला, टाच आणि कबूतर दोनदा सांगितलं. न्यायाधीशांना मात्र ते कोर्टाच्या आतच ठेवून आले होते. बनुबाई भाजी निवडता निवडता दारातून ऐकत होत्या, आणि उठून पितळी पेला घासून आल्या. दादासोंनी सगळं ऐकून घेतलं. नुकसान शोधायची सवय, तंबाखू मळत विचारलं, "हवालदार कवापासनं वकिलाला सलाम ठोकाय लागला? मागं-पुढं कोण सायब न्हवता ना?"

सुभेदारांनी पेल्यात जिरं टाकलं.

"दादासो," ते म्हणाले, "माझी नजर कवा चुकलीया?"